न लिहिलेलं पत्र

दुमागेते या बेटावरच्या शहरातल्या कॉलेजात शंखशिंपल्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या मर्लिंडाबाईंकडे जीवशास्त्राची मुलं दरवर्षी परदेशी विद्यापीठांची यादी घेऊन येतात. यंदा रोवेना आली. बाईंनी यादी वाचलीसुद्धा नाही.

"नावं कसली घोकतेस? कुणाच्या हाताखाली काम करायचंय ते बोल. त्यांना आधी पत्र लिही."

"मॅम, एवढ्या मोठ्या माणसाला आपणहून कसं लिहायचं? लाज वाटते."

"लाज घाल त्या बरणीत. बस इथे, माझ्यासमोर लिही."

तेविसाव्या वर्षी बाईंनाही अशीच लाज वाटली होती. समुद्री गोगलगायींवर काम करणारे एक प्राध्यापक ऑस्ट्रेलियात होते. त्यांच्याकडे शिकायचं म्हणून बाईंनी तेवढ्या एकाच विद्यापीठात अर्ज केला. पण ओळखपाळख नसताना त्यांना त्रास कशाला, म्हणून पत्र मात्र लिहिलं नाही. मार्गदर्शकाची संमती नसलेला अर्ज कचेरीतूनच परत आला.

वीस वर्षांनी तेच प्राध्यापक संग्रह बघायला आले. शिंपल्यांना लावलेल्या, बाईंनी लिहिलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या वाचून हरखून गेले. दुपारी भात-मासळी खाताना म्हणाले, "एका वर्षी माझ्याकडे याच गोगलगायींसाठी एक जागा होती. तुमच्या बेटांवरून कुणीतरी लिहील म्हणून शेवटपर्यंत अडवून ठेवली. कुणीच लिहिलं नाही हो."

बाईंनी वर्ष विचारलं. त्यांनी सांगितलं. तेच होतं.

"आणखी थोडा भात घ्या, सर," बाई म्हणाल्या. अर्जाचं सांगायची त्यांना तेव्हाही लाजच वाटली.