दुधाच्या मापानं मोजलेला समुद्र

फोनवर बोलताना तुम्ही दोघं मला नेहमी एकच विचारता, की जिथं प्यायचं पाणी टँकरनं येत होतं तिथं आजीनं समुद्र कसा पाळला. फोनवर सांगायला गेले की मी भलतीकडेच वाहवत जाते, म्हणून ते सगळं इथं लिहून ठेवते आहे.

सुरुवात पुण्यात झाली. मी बहिणीकडे गेले होते आणि तिच्या घराखालीच माशांचं दुकान होतं. तीस वर्षं मी माजलगावच्या मुलांना इंग्रजीच्या पुस्तकातला प्रवाळ बेटांचा धडा शिकवला होता. पण माझ्या डोळ्यांना माहीत असलेलं प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं, तेवढंच. त्या दुकानात काचेच्या टाकीत मी ते जिवंत पाहिलं. वाऱ्यानं ज्वारीचं रान हलावं तसं ते पाण्यात हलत होतं. मी दुकानदाराला एकापाठोपाठ एक प्रश्न विचारत सुटले आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. पुढे त्यानं मला सांगितलं, की त्याला आधी वाटलं होतं, कुठल्या तरी खात्याची तपासणी आली!

निवृत्त झाल्यावर मी तीनशे लिटरची टाकी बसवली. त्यातलं पाणी समुद्राचं नव्हे. शुद्ध गोडं पाणी घ्यायचं आणि पिशवीतून येणारं खास मीठ त्यात ठरल्या प्रमाणात मिसळायचं, की झाला समुद्र. मग रोज थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं, पण मीठ मागे राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं फक्त गोडं पाणी वरून घालायचं. ही एवढी गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला.

समोर पिठाची गिरणी होती. ती चालवणारी बाई वयानं माझ्याएवढीच आणि जिभेनं माझ्याहून तिखट. टाकी पाहायला ती पदराला हात पुसत आली.

"मॅडम, समुद्र तर आणला घरात. आता एक कोळीण बी आणून ठिवा."

टाकीच्या मागे एक उभी नळी होती. पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडून ती घाणीचा फेस वर काढायची. त्याचं शास्त्र मी तिला समजावून सांगू लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं. "कळलं की. गुऱ्हाळावर कढईतली मळी काढत्यात, तसंच." माझ्या दोन पानी टिपणातलं सगळं या एका वाक्यात आलं होतं.

दोन वर्षांत माझ्या केशरी क्लाउनफिशच्या जोडीनं अंडी घातली आणि मी पिल्लं वाढवायला शिकले. वाढलेली पिल्लं प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत घालायची, पिशव्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटी पुण्याच्या बसमध्ये चढवायची. बदल्यात दुकानदार मीठ, दिवे, पंपाचे सुटे भाग पाठवायचा. कंडक्टर पेटीला कान लावून विचारायचा, "आत काय हाय, मॅडम? बोलत न्हाई काहीच." अशाच वीस पिल्लांच्या बदल्यात तो शिंपला आला. दुकानदारानं तीन शिंपल्यांचे फोटो पाठवले होते आणि त्यातला निळ्या झालरीचा, कडेला हिरवे ठिपके असलेला तुम्ही दोघांनी भांडून निवडला होता. पुढे दर रविवारी तुम्ही त्याला फोनवर पाहायचात. मला तो तुमच्याएवढाच जपायचा होता, हे मान्य करायला आता मला लाज वाटत नाही.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धरणात तळातला साठा उरला, नळ बंद झाले आणि टँकर आठ दिवसांनी येऊ लागला. माझं शुद्ध पाण्याचं यंत्र तीन भाग पाणी घेऊन एक भाग गोडं द्यायचं आणि दोन भाग नळीतून बाहेर टाकायचं. अशा दिवसांत ते चालवायला माझं मन घेईना. मी गिरणीवालीला सांगितलं, "गल्लीत एकानं जरी म्हटलं की मॅडमचे मासे आमचं पाणी पितात, तर दुसऱ्या दिवशी टाकी पुण्याला. दुकानदार न्यायला तयार आहे."

"कोण म्हणतंय?"

"अजून कुणी नाही."

"मग घाई कावून? टँकरचं पाणी गढूळ, बोअरचं मचूळ. लेकरांची पोटं बिघडायलीत. तुमचं यंत्र बंद ठिवून कुणाचं भलं होणार हाय?"

तिनंच तोड काढली. आठ घरांनी रोज आपापला हंडा माझ्याकडे आणायचा. यंत्रातून निघालेलं गोडं पाणी प्यायला न्यायचं, नळीतून निघालेलं भांड्याधुण्याला न्यायचं, आणि दर घरामागे गोड्या पाण्याचा एक तांब्या टाकीला द्यायचा. एक थेंब वाया नाही. वेळा आणि पाळ्या मी कागदावर लिहून दाराला लावल्या. ते पाहून ती म्हणाली, "ही तर सोसायटी झाली की. चेअरमन कोण?"

"तुम्हीच."

"आन् हे मासे सभासद? मग सर्वसाधारण सभेला ह्यांनला बी बोलवा. निदान गप तरी बसतेल."

त्या सगळ्या उन्हाळ्यात आठ तांब्यांवर समुद्र जगला. मग एके दिवशी खारेपणा मोजायची काचेची नळी धुताना माझ्या हातून फुटली. नवी यायला वेळ लागणार होता. मागच्या गल्लीत सहकारी दूध संस्थेचं संकलन केंद्र होतं आणि तिथला सचिव माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत तो जेमतेम पास झालेला, पण दुधाचा पक्का. त्यानं माझी अडचण ऐकली आणि दूध तपासायचा लॅक्टोमीटर घेऊन आला. दोन्ही उपकरणांचं तत्त्व एकच. द्रव जितका घट्ट तितकी नळी वर तरंगते. माझ्या समुद्राला पंचवीस हवेत, आणि लॅक्टोमीटरनंही बरोबर पंचवीसच दाखवले.

तो वाकून बघत राहिला. "मॅडम, सांगू का? राग धरू नका. ह्याच्यात पाणी हाय."

मी इतकी हसले की माझा चष्मा खाली पडला. त्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "आमच्या केंद्रावर सव्वीसच्या खाली डिग्री लागली तर दूध परत करतो आमी. चांगल्या गायीचं अठ्ठावीस, एकोणतीस लागतंय."

थोड्याच दिवसांनी घाटनांदूरला भाच्याचं लग्न निघालं. आठ दिवस टाकी कुणाच्या भरवशावर ठेवायची? सचिवाच्याच, कारण मोजमापात त्याच्याइतका काटेकोर माणूस गावात नव्हता. मी सूचनांचा कागद लिहिला: रोज आठ तांबे गोडं पाणी, चिमूटभर खाद्य, दिवे बारा तास, डिग्री पंचवीस. मिठाची पिशवी कुठं आहे तेही लिहिलं, कारण मला प्रत्येक गोष्टीची जागा लिहायची सवय. ती सवय त्या वेळी नडली.

परत आले तेव्हा मासे हिंडत होते, पण प्रवाळ मिटलेलं होतं. शिंपल्याची झालर आत गेलेली आणि तोंड सैल उघडं. निरोगी शिंपल्यावर हाताची सावली पडली की तो चटकन मिटतो. मी चार वेळा हात फिरवला. तो तसाच राहिला.

सचिव आनंदानं पुढे आला. "मॅडम, बघा. एकोणतीस!"

"एकोणतीस काय?"

"डिग्री. तुमचं पंचवीस होतं. रोज पाणी घालून घालून ते तितकंच राहायलं. मंग मीठ घातलं रोज थोडं थोडं."

"अरे, मी पंचवीस लिहिलं होतं ना?"

"लिहिलंतं की. पण माझ्या हाताखाली पंचवीस? केंद्रावरची माणसं इथं मासे बघायला यायची. कुणी नळी टाकून बघितली आस्ती तर म्हणले असते, सचिवानं मॅडमच्या समुद्रात पाणी घातलं." मग त्याची नजर शिंपल्याकडे गेली आणि आवाज उतरला. "चुकलं का काही?"

मला रागावताच येईना. आयुष्यभर ज्यानं कमी डिग्रीला चोरी मानलं, त्याला मी पंचवीसवर ठेवून गेले होते. चूक अर्धी माझीच.

उपाय सरळ होता. चाळीस लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच गोडं घालायचं, तेही दोन दिवसांत सावकाश. आठ तांबे तर रोजच्या वाफेलाच लागत. हे चाळीस लिटर त्याच्या वरचे, म्हणजे लेकरांच्या प्यायच्या पाण्यातले. ते मी मागणार नव्हते. मी पुण्याला फोन केला आणि म्हटलं, परवा गाडी घेऊन या, सगळं घेऊन जा, तुमच्याकडे पाणी आहे, शिंपला कदाचित वाचेल. फोन ठेवला आणि माशांची खाद्याची डबी पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

सचिव तिथून निघाला तो थेट गिरणीवर गेला असावा, कारण पाचच मिनिटांत गिरणीची घरघर थांबली आणि ती पिठानं पांढरी झालेली दारात उभी राहिली.

"पुण्याची गाडी बोलावली म्हणं?"

"हो."

"सोसायटीला न इचारता?"

"अहो, चाळीस लिटर लागतात. कुणाच्या तोंडचं घेऊ?"

"मला पाटीवरची बेरीज शिकवू नका. आठ घरं. घराला पाच लिटर. दोन दिवसांत. आमी एवढ्यानं मरत न्हाई." आणि सचिवाकडे वळून, "आन् तू रे, दुधात पाणी घालणाऱ्यांनला धरणारा. आज पाणी घालायची पाळी तुझी. आण तुझ्या घरचा हंडा पह्यला."

तो खरंच धावत गेला. केंद्रावरचा चकचकीत स्टीलचा कॅन डोक्यावर घेऊन आला. त्याचंही घर आठांतलंच, आणि कॅनमध्ये यंत्रातून गाळून नेलेलं त्याच्या घरचं दोन दिवसांचं प्यायचं पाणी होतं. गिरणीवालीनं त्यातलं पाच लिटर मोजून घेतलं आणि बाकीचं त्याला परत न्यायला लावलं. "तुझ्या बायकोला माझ्या दारात भांडायला आणतो का?"

दोन दिवस आम्ही दर दोन तासांनी दोन तांबे खारं काढत होतो आणि दोन तांबे गोडं घालत होतो. काढलेलं खारं पाणीही फुकट गेलं नाही. सचिवानं ते केंद्रावर नेलं आणि तिथल्या फरशीला पहिल्यांदाच समुद्राची आंघोळ घातली. बायका पाळीपाळीनं टाकीसमोर बसायच्या. शेंगा फोडत, शिंपल्याला दटावत. "झालर काढ की रे बाबा, किती रुसशील?" गिरणीवाली म्हणाली, "लाड करू नका. सासरी आलेल्या पोरीसारखं हाय त्याचं. बघत बसलं की बाहेर येणार न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅक्टोमीटरनं पंचवीस दाखवले. सचिवानं आकडा तीनदा वाचला आणि दुखावल्यासारखा चेहरा करून कागदावर लिहिला. शिंपला मात्र तसाच होता, तोंड सैल उघडं आणि झालर आत. पुण्याची गाडी मी रद्द केली नव्हती; अकराच्या सुमारास ती आली. दुकानदारानं रिकाम्या पेट्या उतरवल्या, टाकीजवळ वाकला आणि शिंपला कुठं धरून उचलायचा ते पाहायला वरून हात नेला.

शिंपला फटकन मिटला.

दुकानदारानं हात मागे घेतला. आम्ही सगळे काचेजवळ सरकलो. थोड्या वेळानं फट पडली आणि झालरीची निळी कड बाहेर आली. बोटभर, मग दोन बोटं.

"मॅडम," तो म्हणाला, "हा आता हलवायचा नाही. पण एवढं गोडं पाणी तुम्ही इथं आणलं कुठून?"

"सभासदांकडून," गिरणीवाली म्हणाली. "पेट्या राहू द्या खाली. बसायला पाट कमी पडायलेत."

म्हणून तो पुण्याहून आणलेल्या रिकाम्या पेटीवर बसला आणि सचिवानं आणलेल्या दुधाचा घट्ट चहा प्याला.