उपाशी मासा आणि माझे सासरे

आमच्या घरी मासा आला तो मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंमुळे. त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि सामानाच्या ट्रकमधून मासा न्यायचा कसा, हे काही सुचेना. म्हणून जाताना त्यांनी काचेच्या टाकीसकट आपला गोल्डफिश मला देऊन टाकला. लिंबाएवढा, गोल पोटाचा, केशरी. तेव्हा बाग सेवनिया वस्तीतल्या घरात मी आणि माझे सासरे असे दोघेच असायचो. नवरा नोकरीसाठी जबलपूरला, तो शनिवारी यायचा. सासरे पिपलानीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. बोलणं मोजकं. माशाकडे त्यांनी कधी नीट पाहिलंही नसेल, असाच माझा समज होता.

एका सकाळी मासा उलटा तरंगताना दिसला. पोट फुगलेलं, पाण्याबाहेर आलेलं. मेलाच म्हणून काढायला गेले, तर कल्ले हलत होते. शेपटी मारून तो खाली जायची धडपड करी आणि बुचासारखा पुन्हा वर येई.

शाळेतून परतताना मी शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून तो म्हणाला, हा आता गेल्यातच जमा, दुसरा घेऊन जा. जनावरांच्या डॉक्टरांनी तर गाई-कुत्र्यांपलीकडे आपल्याला कळत नाही असं सरळ सांगून टाकलं. घरी येऊन मी हे बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कानावर घातलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची टाकीसमोर ओढली आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, हा दाणे टिपायला वर येतो तेव्हा सोबत हवाही गिळतो, आणि दाणे पोटात जाऊन फुगतात. मी शाळेत असताना दुपारचा चहा ते रोज टाकीपाशी बसून घेत, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही फोनवर शोधाशोध केली. उपाय साधा निघाला: तीन दिवस कडक उपास, मग उकडलेला, साल काढलेला मटार. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून बाबा आदल्या दिवशी बादली भरून ठेवू लागले आणि रोज थोडं थोडं पाणी बदलू लागले. पण पोट उघडं पडून सुकत होतं. त्यावर त्यांनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि तार घेऊन एक झोळी केली, मासा पाण्याखाली अलगद राहील अशी. तारेची टोकं पॉलिश पेपरने घासली आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहिली. चौथ्यांदा त्यांचं समाधान झालं. तोवर मला ती पहिल्यांदाच गुळगुळीत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. मासा माझ्याकडे बघून तोंड उघडत-मिटत होता. बाबा फिरायला गेलेले पाहून मी चार दाणे टाकले. संध्याकाळपर्यंत पोट आणखी फुगलं. शेवटी जेवताना मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. बाबांनी वाटीतलं वरण संपवलं.

"मग उद्यापासून पहिला दिवस," ते म्हणाले. एवढंच. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, नवरा आला तेव्हाही नाही.

तीन दिवसांनी मटार उकडला. बाबांनी मोहरीएवढे तुकडे केले, पाण्यात हात घालून माशाला तळव्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने तुकडा तोंडाशी धरला. माशाने तो थुंकून टाकला. पुन्हा धरला, पुन्हा थुंकला. हा माणूस कारखान्यात कसा काम करत असेल, ते मी त्या दिवशी पाहिलं. मान खाली, चेहऱ्यावर कंटाळा नाही की घाई नाही. कितव्या तरी वेळी तुकडा आत गेला. त्यांनी हात पुसले आणि मला म्हणाले, "उद्या तू भरव. तुलाही यायला हवं."

मग एक दिवस ते भरवीत, एक दिवस मी, असं चाललं. मला जमायला दोन दिवस लागले.

बाबा मला शाळेत कधीही फोन करत नाहीत. त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

"सरळ झाला," ते म्हणाले. "तळापर्यंत जाऊन आला." आणि फोन ठेवला.

मी स्टाफरूममध्ये तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी का आलं, ते बाजूच्या बाईंना सांगायची लाज वाटली.

मासा अजून आहे. वळताना थोडा डावीकडे कलतो, तेवढं राहिलं. दाणे आता भिजवूनच देतो. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि आपल्या घरात किती गुणी माणूस राहतो हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता विचारलं नाही तरी सांगते.