पत्र्याच्या खोलीतला खोकला

दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं पाटोद्याजवळ चारा छावणी उघडली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. छावणीचा कायदा एकच: ज्याचं जनावर त्यानं रोज सकाळी स्वतः अंगठा उठवायचा, तरच जनावराला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं. वाऱ्यानं रजिस्टरची पानं उडतात म्हणून संस्थेचे सचिव पत्र्याच्या खोलीचं दार लावून घेत आणि सगळ्यांना आत कोंबत. एके सकाळी ते खोकतच आले. तोंडावर ना रुमाल, ना हात. आई आत होती, मी दाराच्या फटीतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी आईला ताप चढला. "सायेब, लई कणकण हाय. आज पोरीचा अंगठा घ्या," ती म्हणाली.

"माणूस हजर न्हाई तर वाढं न्हाई," सचिव म्हणाले.

आई आणखी तीन सकाळी रांगेत उभी राहिली. आठवडाभरात न्यूमोनियानं वारली.

या माणसाला एक दिवस तोंडावर सुनावायचं, एवढ्यासाठी मी शिकले. कॉलेजात विषाणूशास्त्र शिकवायला लागले. गेल्या वर्षी त्याच संस्थेनं मला फ्लूवर बोलायला बोलावलं. पहिल्या रांगेत सचिव होते, आता थकलेले. त्यांच्यावर नजर रोखूनच मी बोलले. खोकल्यातले बारीक थेंब बंद खोलीत तरंगत राहतात. श्वासाबरोबर विषाणू नाका-घशात शिरतो आणि पेशीच्या अंगावरच्या साखरेच्या कणांना चिकटतो. बिचारी पेशी त्याला आपणहून आत ओढून घेते. मग तो तिलाच राबवून आपल्या नकला काढून घेतो. त्या नकला शेजारच्या पेशी धरतात, थेट फुफ्फुसापर्यंत. सचिवांची मान खाली जात होती आणि माझ्या जिवाला गार वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर, छावणीतली पोर म्हणून मला ओळखून, ते काठी टेकत जवळ आले. "पोरी, तुजी माय माज्यापायी गेली का?"

भाषणाची तयारी करताना मी दिवस मोजले होते. हा विषाणू शिरल्यावर ताप यायला बहुतेक दोन दिवस लागतात. त्यांचा खोकला फक्त एक दिवस आधीचा होता. त्याच्याही आधी मी तापानं फणफणले होते, आईच्या कुशीत तोंड खुपसून खोकत होते.

"हो काका," मी म्हणाले. "तुमच्याचमुळं."

त्यांनी हात जोडले. मी ते जोडलेले तसेच राहू दिले.