चिकटपट्टीखालचा आकडा

मानकर गेल्याची बातमी मला मुकुटबनला कळली; मी तिथे कामासाठी गेलो होतो. यवतमाळहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली दिला आणि तिकिटांची पेटी बंद करता करता सांगितले, "तुमचे फोटोवाले गेले म्हन्ते काल." त्यातला 'तुमचे' मला खटकला. गणपतराव मानकर आणि मी दहा वर्षे एका गावात काम केले, कितीतरी मांडवांत आणि सभांत शेजारी उभे राहिलो. लोक त्याला मैत्री समजत. आमच्या दैनिकाच्या पुरवणीच्या संपादकांनीही तसेच समजून हा लेख मागितला. मला जे माहीत आहे तेवढेच लिहीन, असे मी त्यांना कळवले. त्यांची हरकत नव्हती.

छप्पन्न साली मी नागपूरच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून यवतमाळला आलो, तेव्हा एकदाच लख्ख पेटून जळून जाणारा बल्ब लावून फोटो काढणारे गावात मानकर एकटेच होते. त्यांची पद्धत ठरलेली असे. उजेड बेताचा पडावा म्हणून नवरा-नवरीपासून मागे पावले मोजत यायचे, मग सगळ्या मांडवाकडे पाठ करून कॅमेरा छातीशी धरायचा आणि मान खाली घालून त्याच्याशी काहीतरी करायचे. भिंगाभोवतीच्या कड्यावर आकडे असतात. शटर किती वेळ उघडे राहील ते त्यावर ठरते. पंचवीस म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, शंभर म्हणजे शंभरावा. मानकरांनी त्या कड्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. "मानकरच्या कॅमेऱ्याले कुठं लागलं बावा?" अशी थट्टा प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी करी. मानकर हसत नसत. फोटो मात्र चांगले येत, हे नोंदवले पाहिजे. कुणाचा चेहरा पांढराफटक पडला नाही की कुणी काळोखात बुडाले नाही. आकडा विचारला तर ते नाही म्हणत नसत. प्रत्येकाला वेगळा आकडा सांगत. राळेगावच्या एका फोटोवाल्याला त्यांनी अडीचशे सांगितला होता, हे मला फार उशिरा कळले.

सत्तावन्नच्या हंगामात गावाबाहेरच्या एका जिनिंगमधल्या बायकांनी मला निरोप पाठवला. सरकी काढण्याच्या यंत्राचा पट्टा उघडा होता. त्यावर जाळी नव्हती, आणि बायका पट्ट्यापासून हातभर अंतरावर बसून काम करत. मालकाने तपासणी अधिकाऱ्याला जाळी आहे असे लिहून दिले होते. नागपूरहून संपादकांनी कळवले की मालकाच्या सहीच्या कागदापुढे बायकांचे बोलणे टिकणार नाही, फोटो पाहिजे. त्यांनी एक घडीचा कॅमेरा, बल्ब बसवायची बत्ती आणि सहा बल्ब पाठवले. टिनाच्या त्या शेडमध्ये भर दुपारी अंधार असे, म्हणून बल्ब लागणार होता. मी तोपर्यंत उन्हातच फोटो काढले होते. मी मानकरांच्या दुकानात गेलो आणि काय काढायचे आहे ते सगळे सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, कॅमेरा उलटसुलट करून पाहिला.

"पट्टा चालता राहीन ना? मंग शंभरवर ठेव. पंचवीसवर ठेवशीन तर हालला दिसन."

कारण पटण्यासारखे होते. मी त्यांचे आभार मानले.

गिरजाबाई नावाची एक मजूर बाई मला आत घेऊन गेली. जाळी नाही हे नुसत्या पट्ट्यावरून कळणार नाही, शेजारी माणूस दिसला पाहिजे, हे तिच्याच लक्षात आले. ती पट्ट्याजवळ जाऊन बसली आणि मी म्हणेपर्यंत हलली नाही. कापसाची भुकटी उडत होती, म्हणून मी दारातच उभा राहिलो. दोन बल्ब उडवले. शेड दोन्ही वेळा लख्ख उजळली, सगळ्यांनी माना वळवल्या, आणि मुकादम धावत आला. मी निघालो. गिरजाबाईला निघता येण्यासारखे नव्हते.

गावात फिल्म धुण्याची सोय मानकरांकडेच होती. त्यांची मुलगी कमल अंधारखोलीतले काम बघे. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ती ओली फिल्म दोन बोटांत धरून बाहेर आली आणि तिने ती खिडकीपुढे धरली. "भाऊ, हे तं कोरी हाये." मी मानकरांकडे पाहिले. ते गल्ल्याशी बसून एका फोटोच्या कडा कापत होते. त्यांनी मान वर केली नाही... पुढे कितीतरी दिवस मला कोऱ्या फिल्मपेक्षा ती न उचललेली मान आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईला कामावर घेतले नाही. बातमी छापली गेली नाही. जाळी बसली नाही. हंगाम संपण्याआधी त्याच पट्ट्यात गिरजाबाईच्या नणंदेचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. ती बातमी चार ओळींत छापून आली. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या.

फिल्म कोरी का राहिली, हे मला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या इस्माईलभाईंनी सांगितले. कॅमेऱ्याची शटरेही तेच साफ करत. माझा कॅमेरा त्यांनी मागून उघडला, डोळ्याला भिंग लावून चार-पाच वेळा खटका दाबला आणि हसले. "साहेब, बल्ब आलसी असते. इशारा भेटला की पहिले सोचते, मंग पेटते. शंभरवर ठेवलं तं तो जोर धरेपर्यंत शटर खुलून बंद बी झालं. पंचवीसवर ठेवा. दरवाजा खुला राह्यला तं उजेड आत येईन." चालत्या वस्तूचे काय, असे मी विचारले. बल्बचा उजेड स्वतःच क्षणभराचा असतो, त्या अंधारात पट्टा हललेला दिसलाच नसता, असे ते म्हणाले. मानकरांना हे ठाऊक असेल का, असेही मी विचारले. इस्माईलभाईंनी भिंग डोळ्यावरून काढले. "त्यांचं शटर बी याच जातीचं हाये. मीच साफ करतो," एवढेच म्हणाले.

दोष एकट्या मानकरांचा नव्हता. माझ्याकडे सहा बल्ब होते. एक घरी उडवून फिल्म धुऊन पाहिली असती तर सगळे त्याच वेळी उघडे पडले असते. संपादक हिशेब विचारतील म्हणून मी तो वाचवला. उरलेले चार बल्ब माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षे पडून होते.

मी मानकरांना विचारायला गेलो, तेव्हा माझा अंदाज होता की मालकाने त्यांना गाठले असणार. तसे असते तर मला समजले असते. विकल्या गेलेल्या माणसांची मला सवय होती. त्यांनी नाकारले नाही आणि लाजही वाटून घेतली नाही. "तुले खरा आकडा सांगतला तं उद्या तू दुसऱ्याले सांगशीन. मंग मले कोन बलावन?" मी गिरजाबाईचे नाव घेतले. "ते कोन?" त्यांनी विचारले. ते खरोखरच विचारत होते. मालकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. जो विचारेल त्याला खोटा आकडा द्यायचा, एवढा एकच नियम ते पाळत होते, आणि पलीकडे कोण बसले आहे ते पाहण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षे एकमेकांना नमस्कार करत राहिलो. गावात आणखी दोन स्टुडिओ निघाले, त्यांच्याकडे नव्या बत्त्या आल्या. मानकरांची चिकटपट्टी होती तिथेच राहिली. मैली झाली की ते नवी लावत. चहाच्या टपरीवर ते मला एकदा म्हणाले होते, "पेपरवाले, अजून राग हाये काय?" मी आहे म्हणालो. त्यांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. मी घेतला नाही.

मुकुटबनहून परतल्यावर तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्या दुकानात गेलो. या लेखासाठी त्यांचा एक फोटो हवा होता. कमल गल्ल्यावर बसली होती. लग्न करून गेलेली मुलगी दोन वर्षांत परत आली होती आणि तेव्हापासून अंधारखोली पुन्हा तिच्याकडेच होती. बाकावर एक वरपिता पत्रिका घेऊन बसला होता. लग्न दुसऱ्या दिवसाचे होते. दुकान चालू राहते की नाही, ते या एका लग्नावर ठरणार होते. तिने मला आत बोलावले आणि कॅमेरा पुढे केला.

"भाऊ, बाबानं मले कॅमेऱ्याले हात नाही लावू देल्ला. फिल्म धुतल्या मी, हजारो. पर आकडा नाही सांगतला."

मी नखाने चिकटपट्टीचे टोक उचलले. तिच्याखाली जुन्या पट्ट्यांचा डिंक थरावर थर साचून पिवळा पडला होता. कडे पंचवीसवर होते. मी ते फिरवून पाहिले, फिरले नाही. डिंकाने ते जागीच धरले होते, कित्येक वर्षांपासून असावे. म्हणजे मांडवाकडे पाठ करून, मान खाली घालून मानकर काहीच करत नव्हते. नुसते उभे राहत होते...

"पंचवीस," मी म्हणालो. बाकावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

कमलने कड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बस? एवढंच?"

"बल्ब लावला की एवढंच. पावलं मोज आणि पंचवीसवर ठेव."

तिने ती पट्टी माझ्या हातातून घेतली, तिची गोळी केली आणि फिल्म धुण्याच्या तसराळ्याशेजारच्या डब्यात टाकली. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"आन् चालतं असन काही, तं?"

"चालतं असलं तरी पंचवीसच," मी सांगितले.