महादूचे ‘व्हय जी’

हल्ली माझे दुकान मंचरला. तिथल्या बाजारात राजुरीच्या गाडीवानाने बातमी सांगितली, “शेठ, तुमचा म्हादू गेला. परवाच माती झाली.” महिना होत आला, माझा राग मात्र अजून ओसरत नाही.

माझे वडील मारवाडातून येऊन राजुरीत दुकान टाकून बसले, तेव्हापासूनची माझी आणि महादूची दोस्ती. मोठ्या माणसाने तोंड उघडले की महादूचे ‘व्हय जी’ सुरू. त्याचा अर्थ ‘कबूल’ नव्हे. ‘ऐकतोय, बोला’ एवढाच. मी त्याला ‘होयबा’ म्हणून चिडवीत असे.

देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला. महादूचे शेत देवळाला लागून, म्हणून पोलिसांनी त्यालाच धरले आणि चावडीत बुकलून काढले. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कायदा पुराव्यात धरत नाही. कायदा शहाणाच आहे हो! म्हणून त्याला जुन्नरला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभे केले. साहेब शहरातले, नवे. मी कचेरीच्या दाराशी होतो.

“मुखवटा तू घेतलास?”

“व्हय जी...” पुढचे शब्द जुळवीपर्यंत साहेबांची लेखणी टेकलीसुद्धा.

“कुणी मारझोड केली नाही ना?”

“व्हय जी.”

“स्वखुशीने सांगतोस?”

“व्हय जी.”

“साहेब, तो नुसता हुंकार देतोय!” मी ओरडलो. शिपायाने मला बखोटीला धरून बाहेर काढले. पुढे मी वकील दिला, खटल्यात महादूने “म्या न्हाई घेतला” म्हणून टाहो फोडला. पण लिहिलेले ते लिहिलेले. त्याला सक्तमजुरी झाली. शिक्षा भोगून तो परतला, त्यानंतर मुखवटा पुजाऱ्याच्याच भाच्याकडे सापडला. गावाने वाजतगाजत देव बसवला, गावजेवण घातले. महादूच्या दारी मात्र कुणी फिरकले नाही. त्या गावजेवणाचा घास मी तोंडात घातला नाही.

तुरुंगातून आलेल्या महादूने ‘व्हय’ म्हणणेच सोडले होते. जेवलास? “न्हाई.” बरा आहेस ना? “न्हाई.” लोक हसत... मला हसू येत नसे.

बातमी कळताच समाचाराला गेलो. त्याची बायको सरजा हिने बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाली, “तापानं लई फणफणलं व्हतं. व्हट सुकलं व्हतं. मी इचारायची, आवं, पानी देऊ का? तर न्हाई म्हनायचं. आन् नजर तांब्यावर. मी काय समजायचं, भाऊ?”