दहा दिवसांचा नियम

आमच्या कॉलनीत कोणाच्या घरातलं माणूस गेलं, की दहा दिवस ओपन स्पेसवर कसलाही कार्यक्रम होत नाही. हा नियम मी केला. आता कोणी विचारलं तर दुसऱ्या कोणावर तरी ढकलून द्यावंसं वाटतं, पण जुन्या रजिस्टरमध्ये तो ठराव माझ्याच अक्षरात आहे.

मी मूळचा धुळ्याकडचा. नोकरीमुळे जळगावला आलो, इथे प्लॉट घेतला, घर बांधलं आणि गावाकडून वडिलांना आणलं. ते याच घरात गेले. तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला बसली होती आणि समोर ओपन स्पेसवर बायकांची संगीत खुर्ची चालू होती. गाणं वाजायचं, थांबायचं, हशा व्हायचा. मी तसाच अनवाणी गेलो आणि स्पीकरची वायर उपटली. "लाज नही वाटस का रे बठ्ठास्ले!" म्हणून सगळ्यांवर ओरडलो. डोकं फिरलं की माझी अहिराणी आपोआप बाहेर पडते. पुढच्या मीटिंगला सगळे माना खाली घालून बसले होते. दहा दिवसांचा ठराव एकमताने पास झाला. "आणि नियम म्हणजे नियम, मग घर कोणाचंही असो," हे वाक्य मी मुद्दाम लिहून घेतलं. फार बरं वाटलं होतं मला त्या दिवशी.

एक गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. आम्ही सगळ्यांनी प्लॉट एकाच सुमाराला घेतले होते. सगळे पस्तिशी-चाळिशीतले, शिक्षक, एसटीतले, कचेरीतले. तेव्हा हा नियम वर्षातून एखाद्या वेळी लागायचा. पण एकाच वयाची माणसं एकाच वेळी म्हातारी होणार, इतकं साधं कळायला काय लागत होतं? आमच्यात चार तर गणिताचे मास्तर होते.

रिटायर झालो तसं कॉलनीच्या कार्यक्रमांचं काम माझ्या गळ्यात पडलं. "नाना, तुम्ही शिस्तीचे," म्हणाले. मीही वही केली. लहानांना लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत, पोरींना रांगोळी, बायकांना संगीत खुर्ची, तरुणांना रस्सीखेच. म्हाताऱ्यांना काय, तर सत्कार! प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, शाल-नारळ द्यायचा आणि टाळ्या वाजवायच्या. एकदा सत्कार आटोपून घरी आलो तर बायको म्हणाली, "आता सहा शाली झाल्या आपल्याकडे. खेळायला कधी बोलावता आमाले?" मी हसण्यावारी नेलं.

ती जळगावजवळच्या असोद्याची. बोलणं अस्सल तिकडचं. माझ्या अहिराणीतल्या 'शे'ला ती आयुष्यभर हसत आली आणि मी तिच्या 'मले-तुमाले'ला. पोरं पुण्याला गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, तरी घरात बडबड असायची. मग ती विसरायला लागली. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं. मग एक दिवस दूध आणायला गेली आणि डेअरीच्या पायरीवर बसून राहिली. घर कोणत्या गल्लीत, ते आठवेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, "हे मागे फिरणारं नाही. पण हातांची सवय उशिरा जाते. त्यांना जे येतं ते करू द्या, चार माणसांत करू द्या. आणि लवकर करा."

तिला काय येत होतं? भरीत. दोनशे माणसांचं भरीत करायला तिच्या माहेरी तिच्याशिवाय पान हलायचं नाही. हिवाळा तोंडावर होता. मी वही काढली, सगळे खेळ खोडले आणि एकच कार्यक्रम लिहिला: रविवारी सकाळी ओपन स्पेसवर भरीत. पोरांनी कपाशीच्या काड्या ओढून आणायच्या, तरुणांनी जाळ करून वांगी भाजायची, बायकांनी सालं काढायची, मोठ्या मुलींनी मिरच्या-लसूण निवडायचा, आजोबांनी मुसळ धरून लाकडी काठवटीत ठेचायचं. खुर्चीत कोणी बसायचं नाही. आणि सगळ्यांना सांगणार कोण, तर ही. ग्रुपवर मी 'सर्व वयोगटांसाठी' असं टाकलं. खरं सांगतो, मला वयोगटांशी काही देणंघेणं नव्हतं. एका माणसासाठी चाललं होतं ते सगळं.

पंधरा दिवस घर बदलून गेलं. आम्ही असोद्याला जाऊन वांगी पाहून आलो. ती हिरवट, हातभर वांगी ती दाबून, कानाशी धरून बघायची आणि पोत्यात टाकायची. "बियाचं नको, हलकं पाह्यजे," म्हणायची. शेजारच्या मुली संध्याकाळी येऊन बसायच्या आणि ती शिकवायची, "देठ काढायचं नाही गं बाई. तेलाचा हात फिरवायचा, सुरीनं टोचायचं, नाहीतर फुटतं." मधेच मुलींची नावं चुकायची, पण वांग्याचं एक अक्षर चुकत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकायचो आणि डोळे भरून यायचे.

शुक्रवारी दुपारी कोपऱ्यावरच्या घरातले आबा गेले. चांगले नव्वदीचे, अंथरुणाला खिळून तीन वर्षं. तिकडचं सगळं आटोपून मी घरी आल्यावर त्यांची सून माझ्या दारात आली. डोळे रडून लाल. म्हणाली, "नाना, रविवारचं थांबवू नका. आबांना भरीत जीव की प्राण होतं. आमच्या घरातून काहीही हरकत नाही. अक्कांनी किती तयारी केलीय, मी रोज बघतेय." स्वतःहून आली होती बिचारी. मी काय करायला हवं होतं? हात जोडून 'हो' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही ताई. नियम मीच केलाय. माझ्याच घरच्यांसाठी मोडला तर लोक काय म्हणतील?"

लोक! कोणते लोक? जे चार लोक काही म्हणाले असते त्यातले दोघं आज नाहीत. पण मला तेव्हा माझा ताठ कणा फार महत्त्वाचा वाटला. ग्रुपवर मेसेज टाकला, वांगी घरोघर वाटून टाकली. रविवारी सकाळी ती नवं लुगडं नेसून, केस विंचरून दारात उभी. "कधी जायचं?" मी सांगितलं, आबा गेले, दहा दिवस काही करता येत नाही. ती "हो का" म्हणाली. दहा मिनिटांनी पुन्हा, "कधी जायचं?" दुपारपर्यंत मी एकच उत्तर देत राहिलो. नियम, दहा दिवस, नियम, दहा दिवस. शेवटी शेवटी तर ओरडलोच तिच्यावर.

दहा दिवसांनंतरचा रविवार पुन्हा ठरवला. आठव्या दिवशी मागच्या गल्लीतले मास्तर गेले. पुन्हा दहा. मग पलीकडच्या घरातल्या एक आजी गेल्या. लोक ओपन स्पेसवर जमायचे ते तिरडी उचलायला, नाहीतर दशक्रियेला जायच्या गाडीची वाट बघायला. ती माझा हात धरून घोळक्यात उभी असायची आणि कानात विचारायची, "कोन गेलं?" मी सांगायचो आणि पुढे जोडायचो, "आता दहा दिवस काही नाही." तोवर ऊन वाढलं, वांगी बियाळ झाली आणि भरिताचे दिवस संपले.

उन्हाळ्यात ती माझं नाव विसरली. पावसाळ्यात असोदा विसरली. मला ती 'भाऊ' म्हणायला लागली. "भाऊ, पाणी घ्या," असं मानानं म्हणायची आणि मी घरातल्या घरात पाहुणा झालो.

पुढच्या हिवाळ्यात मी ठरवलं, आता कोणीही मरो, मी मरो, भरीत होणार. ग्रुपवर तसं स्पष्ट लिहिलं. पण नशिबाची गंमत बघा, त्या महिन्यात कोणीच गेलं नाही. नियम मोडायची वेळच आली नाही. रविवारी सकाळी अख्खी कॉलनी लोटली. पोरांनी काड्या आणल्या, जाळ पेटला, धूर झाला. आबांच्या सुनेनं काठवट स्वतःच्या घरून आणली. मागच्या वर्षी शिकलेल्या मुली वांग्यांना तेल लावत होत्या, देठ न काढता. म्हातारे मुसळावरून भांडत होते. वहीत लिहिलं होतं अगदी तसं चाललं होतं सगळं. असा कार्यक्रम आमच्या कॉलनीत पूर्वी कधी झाला नव्हता.

तिला मी जाळापासून जरा लांब, पाटावर बसवलं. एक मोठं वांगं आणि सुरी तिच्यापुढे ठेवली. सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले. मुलींपैकी एक म्हणाली, "आजी, टोचा ना. नाहीतर फुटतं." तिनं वांगं उचललं, पदरानं पुसलं आणि मांडीत ठेवून दिलं. सुरीकडे पाहिलंही नाही. मी तिचा हात धरून सुरीवर ठेवला. हात सैल होता. मी दोनदा ठेवला, दोनदा तो घसरून मांडीत पडला. डॉक्टर म्हणाले होते, हातांची सवय उशिरा जाते. तो उशीरही मी घालवला होता.

ती जमलेल्या माणसांकडे बघत होती. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवून तिनं मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "एवढी मानसं जमली. कोन गेलं, भाऊ?"

"कोणी नाही गं," मी म्हणालो. "कार्यक्रम आहे. तुझं भरीत आहे."

तिला ते पटलं नाही. तिनं मान हलवली, वांगं खाली ठेवलं आणि पाटावरून उठायला लागली. मला समजावल्यासारखं म्हणाली, "आता धा दिवस काही करता येत नाही. नियम हाये आमच्याकडं. चाला घरी."

मी तिला घरी घेऊन आलो.