म्हैस वाचली म्हणून विमा नाही

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसेला, आमच्याकडं गावात कुणी राहत नाही. येळवस म्हणजे शेतात कडब्याची कोप, छोटीशी झोपडीच, तिच्यात पांडवांची पूजा, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बसवून भज्जी, उंडे, आंबील. त्या वर्षी मी ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्रिणीशी ड्युटी बदलून घेतली होती. मी तिथं सिस्टर आहे. नवरा एसटीवर चालक, त्याला सणाला कधीच सुट्टी मिळत नाही. तेव्हा शेतात सासूबाई आणि मी, दोघीच. त्यांना मी आत्या म्हणते.

आमची म्हैस शेतातल्या गोठ्यातच असते. दुसऱ्या वेताची, दिवस भरलेली. सकाळपासून ती उठबस करत होती. आत्या पूजा करता करता सारखं तिच्याकडं बघत होत्या. दुपारी पाहुणे जेवायला बसले आणि त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लई येळ झाला गं. कळा देतीय, पण पाण्याची पिशवी दिसंना. काय तरी येगळं हाय."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. बाईमाणसाची अडलेली बाळंतपणं मी खूप पाहिली आहेत. म्हशीतलं मला काही कळत नाही, पण तिचे डोळे ओळखीचे वाटले.

स्कूटी काढून गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. दाराला कुलूप. सणाची स्थानिक सुट्टी, हे मला माहीत होतं. पण सुट्टीच्या दिवशी जनावर अडलं तर कुठं जायचं, याची एक ओळसुद्धा दारावर नव्हती. तिथल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी सोलापूरला आहे ताई. उद्या सकाळी येतो."

"उद्यापर्यंत राहील का ती?"

"बघा आता," ते म्हणाले.

फिरत्या दवाखान्याच्या गाडीला फोन केला. आज चालक रजेवर आहे, नोंद करून ठेवतो, असं सांगितलं. नोंद! दाराशी उभी राहून मी मोठ्यानं बोलले, ऐकायला तिथं कुत्रंसुद्धा नव्हतं. आमच्या रुग्णालयात येळवसेला बाया बाळंत होतात, दिवाळीला होतात, निवडणुकीच्या निकालादिवशीही होतात, आणि तिथं कुणी ना कुणी असतंच. मी असते. एखाद्या बाईला "उद्या सकाळी ये" म्हटलं असतं तर माझी नोकरी राहिली असती का? म्हशीची किंमत माझ्या अंगावरच्या दागिन्यांपेक्षा जास्त. घरातलं निम्मं चालतं तिच्या दुधावर. आणि तिच्यासाठी काय, तर कुलूप.

शेवटी मुरुम गावच्या, जनावरांच्या खाजगी डॉक्टरांचा नंबर मिळवला. त्यांच्या मागं भांड्यांचा आणि माणसांचा आवाज येत होता, तेही कुणाच्या तरी शेतात जेवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो. पण सणाची फी वेगळी पडते. आधी फोनवर पाठवा, मग गाडी काढतो."

नेहमीच्या कितीतरी पट त्यांनी सांगितले. मी तिथंच उभ्या उभ्या पाठवले.

शेतात परत आले तर म्हशीभोवती माणसं जमली होती. शेजारच्या शेतातले भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे चुलतभाऊ, गोठ्याच्या मेढीला टेकून सुपारी कातरत होते. मी डॉक्टर येतायत म्हणून सांगितलं, पैसेही सांगितले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, कानात बिल्ला हाय न्हवं हिच्या?"

"आहे की. विमा उतरवलाय."

"मग कशाला एवढं पैसं घालताव? मेली तर पुरं पैसं मिळतेत. वाचली तर डागतर तुमच्याच खिशातनं. उगं ऱ्हावा गप."

त्यांनी वाईट मनानं सांगितलं नाही, हे मला आजही कळतं. हिशेब सरळ होता आणि त्यांनी तो केला होता. पण आत्यांच्या कानावर ते गेलं. त्या म्हशीच्या तोंडाशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तुमी जेवलाव न्हवं भाऊ? मग जावा घरी."

भाऊजी गेले नाहीत. सुपारी खिशात टाकून तिथंच उभे राहिले.

डॉक्टर आले ते शर्टाच्या बाह्या वर करतच. खांद्यापर्यंत हात घालून तपासलं आणि म्हणाले, "गर्भपिशवीला पीळ पडलाय. लोळवावी लागंल. माणसं किती हायती?"

माणसं होती. आंबील पिऊन सुस्तावलेले पाहुणे धोतर-पँटी खोचून उठले. म्हशीला आडवी केली, पुढचे-मागचे पाय बांधले, पोटावर लाकडी फळी ठेवली आणि डॉक्टरांनी फळीवर उभं राहायला वजनदार माणूस मागितला. भाऊजीच चढले. डॉक्टर ओरडायचे, "वढा!" आणि दोर ओढणारे सगळे मिळून म्हशीला पालथी करायचे. एकदा झालं. डॉक्टरांनी हात घालून पाहिलं, मान हलवली. पुन्हा. म्हैस हंबरतही नव्हती, नुसत्या धापा टाकत होती. आत्यांनी तिचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं, प्रत्येक वेळी त्याही तिच्यासोबत मातीत सरपटत होत्या. नव्या लुगड्याचं पार पोतेरं झालं.

तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "सुटला."

रेडकू ओढून काढलं तेव्हा त्यात जीव नव्हता. वगार होती, म्हणजे मादी. पीळ पडून फार वेळ झाला होता, डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी हात लागला असता तर कदाचित जगली असती. दोन तास. कुलपासमोर, फोनवर आणि डॉक्टरांची वाट बघण्यात माझे तेवढेच गेले होते.

म्हशीला सलाईन लावलं, कॅल्शियम दिलं. ऊन उतरताना ती उठून उभी राहिली. उभी राहिल्यावर आजूबाजूला हुंगत वगारीला शोधत राहिली, ते मला बघवलं नाही. डॉक्टरांना आत्यांनी जेवायला वाढलं. त्या पैशाचा राग मला तेव्हा आला होता, आता येत नाही. सण सोडून आलेला माणूस होता, त्यानं आपल्या सुट्टीची किंमत सांगितली. ज्यांना सरकारनं या कामाचाच पगार दिलाय, त्यांनी साधी पाळी लावली असती तर मला ती मोजावी लागली नसती.

दुसऱ्या दिवशी विम्याच्या माणसाला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "म्हैस मेली का?"

"नाही. वाचली. पण वगार गेली, आणि उपचाराला..."

"मॅडम, मेली तरच मिळतं. पोटातलं रेडकू विम्यात येत नाही. उपचार तर येतच नाहीत. मेली असती तर फोटो पाठवायचा होता, बिल्ल्यासकट."

त्याचा आवाज अगदी सभ्य होता. मला त्या सभ्यपणाचीच चीड आली. म्हणजे आम्ही पोटभर जेवून, हात धुवून तिच्या मरणाची वाट पाहिली असती तर तुम्ही पैसे देणार. धावपळ करून तुमचेच पैसे वाचवले, तर आम्ही मूर्ख. हे मी त्याला असंच बोलून दाखवलं. तो म्हणाला, "नियम मी केले नाहीत मॅडम." तेही खरंच. नियम करणारा माणूस मला आजपर्यंत एकदाही फोनवर भेटलेला नाही.

मी पंचायत समितीत अर्ज दिला, सुट्टीला डॉक्टरांची पाळी लावा म्हणून. साहेबांनी वाचला, आणि म्हणाले, "ताई, माणसांच्या दवाखान्यात डॉक्टर मिळंना, तुम्ही जनावरांचं काय घेऊन बसलाव?" मी म्हटलं, माणसांच्याच दवाखान्यात असते मी, मला सांगू नका. पोच घेऊन बाहेर पडले. पुढं काही झालं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी विम्याचं शिबिर पारावर लागलं. आत्यांनी उठून विचारलं, "वाचली तर काय देताव?"

"वाचली तर म्हैस आहेच की तुमच्याकडं, मावशी," अधिकारी म्हणाला. लोक हसले. आत्या हसल्या नाहीत. "व्हय, हाय. तुमच्यामुळं न्हाय," म्हणाल्या. आणि खाली बसून विमा पुन्हा उतरवला.

घरी येताना मी त्यांच्यावर चिडले. कशाला दिले त्यांना पैसे, म्हणून भांडले. त्या चालता चालता थांबल्या.

"आगं, मरायचं असलं तर मरंलच की ती. तवा हातात काय तरी नगं का? राग तुझा खरा हाय. पर म्या रागावर गोठा चालवत न्हाय."

माझा राग मात्र गेला नाही. तो अजून तसाच आहे. म्हैस पुन्हा गाभण आहे, आणि अर्ज मी पुन्हा दिला आहे.